साडभाऊंची टीव्ही-पाहणी

जग निर्माण करण्याआधी देवाने आमच्या साडभाऊंचा सल्ला घेतला असता, तर जग अजून तयार झालं नसतं. पण जेव्हा कधी झालं असतं तेव्हा त्यात नागपूरचा उन्हाळा नसता, संत्र्यात बिया नसत्या आणि माणसाच्या पाठीवर हात न पोचणारी जागा ठेवलेली नसती. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. कोराडीच्या वीज केंद्रात ते नोकरीला होते. धरमपेठेतून सकाळच्या बसने जायचं, दिवसभर भिंतीवरच्या काट्यांकडे पाहायचं आणि संध्याकाळी कॉलरवर राखेचा बारीक थर घेऊन परत यायचं, हा त्यांचा क्रम. काट्यांकडे पाहून पाहून त्यांची अशी पक्की समजूत झाली होती की जगातल्या प्रत्येक वस्तूला कुठेतरी एक काटा असतो, आणि तो नीट वाचल्याशिवाय त्या वस्तूला हात लावणं हा अविचार आहे. चपला घ्यायच्या तर डाव्या पायात एका जातीची आणि उजव्या पायात दुसऱ्या जातीची घालून ते सीताबर्डीच्या रस्त्यावर चांगले लांबवर चालून येत, आणि दुकानदाराचा नोकर जिवाच्या कराराने त्यांच्या मागे धावे. एका वर्षी कूलर घ्यायचा ठरला, तेव्हा वाळ्याच्या ताट्या बऱ्या की लाकडाच्या किसाच्या, हे ठरवायला ते खिशात थर्मामीटर घालून ओळखीच्यांकडे जात, तो कूलरपुढे टांगत आणि पारा खाली उतरेपर्यंत यजमानांशी त्यांच्या मुलांच्या शिक्षणाबद्दल बोलत बसत. निर्णय झाला तेव्हा मृग लागून गेला होता.

आयुष्यात एकच गोष्ट त्यांनी पाहताक्षणी ठरवली, ती म्हणजे लग्न. उमरेडच्या एका करवतकाठी साड्या विणणाऱ्या घरात ते मुलगी पाहायला गेले, चहा यायच्या आत ‘हो’ म्हणाले आणि परत बसस्टँडवर येऊन उभे राहिले. ताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, हे अजूनही सांगतात. मात्र त्यात कौतुक किती आणि तक्रार किती हे मला कळत नाही. माझे सासरे त्याआधीच गेले होते. सासूबाईंनी हातमागासाठी कांड्या भरून, रेशमाचे रंग जुळवून देऊन दोन मुली वाढवल्या होत्या. मुलगा नव्हता. साडभाऊंची आई ते लहान असतानाच गेलेली. तेव्हा दुसऱ्या मुलीचं, म्हणजे माझ्या बायकोचं लग्न लागल्यावर उमरेडचं घर बंद करून सासूबाई कुठे राहणार, हा प्रश्न नातेवाइकांनी काढला, तर साडभाऊंनी तोवर त्यांची पेटी टांग्यात ठेवलेली होती. जावयाच्या घरी राहायचं म्हणून सासूबाई पहिले काही महिने पाहुण्यासारख्या अंग चोरून बसत. साडभाऊ त्यांना ‘आई’ म्हणत आणि त्या शेवटपर्यंत साडभाऊंना ‘जवाईबापू’ म्हणत राहिल्या.

पुढे नागपुरात टीव्ही आला. लोक टीव्ही घेऊ लागले आणि साडभाऊ टीव्ही पाहू लागले. मी ‘टीव्ही’ म्हणतो आहे, टीव्हीवरचं काही नव्हे. ते कुणाच्याही घरी जात, पडद्यावर कोण गातंय, कोण रडतंय याकडे त्यांचं लक्ष नसे. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हच्या सेटचं चित्र उमटायला वेळ लागतो, पण त्याचा काळा रंग गडद असतो. नवा ट्रान्झिस्टरवाला बटण दाबताच पेटतो, पण त्याच्यात बाईचे केस राखेसारखे दिसतात, असं ते सांगत. ‘राख मले माहीत आहे गा,’ असं वर म्हणत. पडद्याच्या चारही कोपऱ्यांत चित्र सरळ आहे की वाकलं आहे, हे पाहायला ते चक्क जमिनीवर आडवे होत. आमच्या गल्लीतल्या एका वकिलांनी पडद्यापुढे तिरंगी प्लास्टिकची काच लावली होती: वर निळी, मधे नारिंगी, खाली हिरवी. पडद्यावर रान असलं तर ते खरोखर रंगीत वाटे, पण बातम्या देणाऱ्या बाईंचे केस निळे आणि पोट हिरवं होई. वकिलांनी अभिमानाने विचारलं, ‘कसा आहे आमचा कलर टीव्ही?’ साडभाऊ बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, ‘बाईले दवाखान्यात न्या.’ वकील पुढे बरेच दिवस बोलत नव्हते, पण दिवाळीनंतर त्यांनी काच काढली आणि मागच्या दाराला लावली.

असं चालू असताना गावातल्या निम्म्या लोकांनी साडभाऊंच्या सल्ल्याने टीव्ही घेतले आणि साडभाऊंच्या घरात मात्र रेडिओच राहिला. ताई शेजारी जाऊन टीव्ही पाहत आणि सोबत सासूबाईंना नेत. पहिल्यांदा सासूबाई रंगून पाहत. पुढे त्या परत आल्या की गप्प असत. मग एकदा त्यांचा पाय दाराच्या चौकटीवर आपटला, एकदा त्यांनी पाटावर ठेवलेलं ताट पायाने उडवलं, आणि त्यात त्यांनाच इतकी शरम वाटली की त्या जेवायला बसेनात. साडभाऊंनी त्यांना धंतोलीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला. बराच पुढे गेलेला. थेंबांनी आहे तेवढं टिकवायचा प्रयत्न करता येईल, गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. कडांकडून नजर मिटत येते, नळीतून पाहावं तसं मधलं तेवढं दिसतं, आणि उजेड-अंधारातले बारीक फरक ओळखू येत नाहीत. किती दिवस टिकेल, या प्रश्नावर ते म्हणाले की ते कुणालाच सांगता येत नाही.

हे सगळं मला त्या वेळी ठाऊक नव्हतं. मला ठाऊक झालं ते असं. माझ्या साहेबांकडे नवा मोठा टीव्ही आला होता आणि साडभाऊंनी तो पाहायचा हट्ट धरला. मी त्यांना घेऊन गेलो. साहेबांनी सोफा दाखवला, बाईंनी चिवडा आणला. साडभाऊंनी टेबलावरचा त्या दिवशीचा पेपर उचलला, त्याची बारीक सुरळी केली, एक डोळा मिटला आणि सुरळीतून टीव्ही पाहू लागले. थोडं पाहिलं की उठून एक पाऊल मागे. पुन्हा सुरळी. असं करत करत ते बैठकीतून बाहेर, ओसरीवर गेले आणि तिथून खिडकीच्या गजांतून पाहू लागले. साहेबांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दलची काळजी दिसू लागली होती. मी बाहेर जाऊन हळू आवाजात म्हटलं, ‘भाऊ, हे काय चाललंय?’

‘आईले एवढंच दिसते,’ ते सुरळी डोळ्यावरून न काढता म्हणाले. ‘जवळून पाहिलं तं नुसतं नाक दिसते. इथून पूर्ण चेहरा मावते.’

मग त्यांनी मला ती सुरळी दिली. मी पाहिलं. बातम्या देणाऱ्या बाईंचा चेहरा लहानशा गोलात, लांब कुठेतरी, पण पुरा दिसत होता. बाकी सगळा काळोख. मी सुरळी परत दिली आणि आत जाऊन चिवडा खाऊ लागलो.

आता प्रश्न होता रंगीत की काळा-पांढरा. रंगीत सेट दिल्ली-मुंबईत आले होते, नागपुरातही येतील, थोडं थांबलं तर भाव उतरतील, असं जो तो सांगत होता. ज्या बाईने जन्मभर रेशमाचे रंग जुळवले तिला रंगीतच दाखवायचा, अशी साडभाऊंची फार इच्छा होती. थांबण्यात तर त्यांचा हात कुणी धरला नसता. पण या वेळी ते थांबायला घाबरले. ताई सांगतात, त्या आठवड्यात ते रात्रीचं जेवण झालं की नुसते ओसरीवर फेऱ्या मारत. आणि रविवारी त्यांनी रिक्षा बोलावली, सासूबाईंना धुवट पातळ नेसायला लावलं आणि सीताबर्डीला नेलं. मीही बरोबर होतो.

दुकानदार साडभाऊंना पाहून आधी आत लपला, मग गिऱ्हाईक बरोबर आणलेलं पाहून बाहेर आला. साडभाऊंनी सर्वांत मोठा, चोवीस इंची सेट लावायला सांगितला. लहान सेटपुढे जवळ बसलं तरी चेहरा मावला असता, पण जवळून पडद्याच्या रेघा दिसतात आणि झगमग डोळ्यांना खुपते, असा त्यांचा हिशेब. सासूबाईंना खुर्चीवर बसवलं. ‘काय दिसते, आई?’ ‘कान दिसते.’ खुर्ची मागे. ‘आता?’ ‘कपाळ दिसते, हनुवटी नाई.’ खुर्ची मागे. असं होता होता खुर्ची दुकानाच्या उंबऱ्यावर आली, मग पायऱ्या उतरली आणि शेवटी फुटपाथवर जाऊन टेकली. रविवारच्या गर्दीत, सायकली आणि फुगेवाले यांच्या मधे माझ्या सासूबाई पदर सावरून बसल्या होत्या. लोकांना वाटलं की कसलंसं उद्घाटन आहे. दोघे-तिघे त्यांच्यामागे उभेही राहिले.

‘आता पूर्ण बाई दिसून राहिली,’ सासूबाई म्हणाल्या. मग जरा थांबून, ‘पण जवाईबापू, तुमी काहून एवढा तरास घेता? मी रेडिओ ऐकन.’

साडभाऊंनी दुकानदाराला सेट बांधायला सांगितला. कोराडीला त्यांच्या हाताखाली काम केलेल्या कुणाला मी हे, एकाच फेरीत टीव्ही घेतल्याचं, पुढे सांगितलं, तर त्याचा विश्वास बसला नाही.

त्यानंतर धरमपेठेतलं ते घर टीव्हीभोवती नव्याने लावलं गेलं. एकामागे एक तीन खोल्यांचं घर. टीव्ही पुढच्या खोलीत आणि सासूबाईंची खुर्ची मागे स्वयंपाकघराच्या दारात. मधला सगळा रस्ता म्हणजे त्यांची नजर. त्या रस्त्यात उभं राहायचं नाही. दोन्ही दारांचे पडदे काढून टाकले होते, मधल्या खोलीतलं कपाट भिंतीला वळवलं होतं. बातम्या चालू असताना मोठमोठे लोक त्या घरात कमरेत वाकून चालत. एकदा साडभाऊंचे वरिष्ठ साहेब चहाला आले आणि बोलता बोलता पडद्यापुढे आले, तर साडभाऊंनी त्यांच्या खांद्यांना धरून, अतिशय आदराने, एखादं टेबल सरकवावं तसं त्यांना बाजूला सरकवलं. सासूबाई आता पाहुण्यासारख्या बसेनाशा झाल्या. लांबून मोठ्याने ओरडून त्या बातम्यांतल्या मंत्र्याची तब्येत खराब झाल्याचं सांगत, आणि पुढच्या खोलीत बसलेल्यांपेक्षा त्यांनाच जास्त कळलेलं असे. ताई म्हणत, आईला इतकं बोलताना मी उमरेडलासुद्धा पाहिलं नव्हतं.

ते वर्ष आणि पुढचा थोडा काळ असा गेला. एका संध्याकाळी आम्ही सगळे तिथे असताना, बातम्या ऐन रंगात आल्या असता, सेटमधली कसलीशी जोडणी सुटली. चित्र गेलं. पडदा काळाठिक्कर झाला, आवाज मात्र तसाच चालू राहिला. माझी बायको काही बोलणार, तेवढ्यात साडभाऊंनी हात वर केला. ते मागे वळून पाहत होते. स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई तशाच बसल्या होत्या, मान किंचित पुढे, पडद्याकडे चेहरा, आणि तोंडावर ऐकणाऱ्या माणसाचं समाधान.

साडभाऊ उठले, टीव्हीपाशी गेले, बटणावर हात ठेवला. फिरवलं नाही.

‘आई, आता कसं दिसते?’

‘चांगलं दिसते, जवाईबापू. मघाशी थोडं काळं होतं.’

ते परत येऊन बसले. आम्ही कुणी एकमेकांकडे पाहिलं नाही. काळ्या पडद्यासमोर बसून आम्ही हवामानापर्यंत सगळ्या बातम्या ऐकल्या.

सेट दुरुस्त झाला. पुढे काही दिवसांनी मी गेलो, तर साडभाऊंनी आपली खुर्ची मागे स्वयंपाकघराच्या दारात, सासूबाईंच्या शेजारी नेलेली होती. पुढच्या खोलीत ताई आणि माझी बायको बसल्या होत्या. मधे वाकायची आता गरज नव्हती, तरी मी वाकूनच गेलो आणि मागे पाटावर टेकलो. बातम्या सुरू झाल्या. साडभाऊ हळूच म्हणाले, ‘आज हिरवी साडी नेसली बाई.’

वर्षभराहून अधिक तो टीव्ही पाहिलेल्या सासूबाईंना त्यात रंग नाहीत हे कुणी सांगायला नको होतं. कोराडीच्या काट्यांवर जे दिसत नाही ते न बोलणाऱ्या साडभाऊंनाही नको होतं.

‘हिरवी म्हंजे कशी?’ सासूबाईंनी विचारलं. ‘पोपटी का मेथीसारखी?’

साडभाऊंनी डोळे बारीक करून लांबच्या त्या पडद्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

‘मेथीसारखी.’

‘अन् काठ?’

‘लाल.’

‘करवतीचा?’

‘हो, आई. करवतीचाच.’

‘मंग आमच्या उमरेडचीच असन,’ असं म्हणून सासूबाईंनी स्वतःच्या पदराचा काठ बोटांत धरला आणि त्याच्यावरून अंगठा फिरवत राहिल्या. पुढच्या खोलीत करड्या साडीतली बाई बातम्या सांगत होती.