भैरवी लवकर लागली

बाबांचा सीडी प्लेअर अडखळायला लागला तेव्हा मला मनातून सुटल्यासारखंच झालं. मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत त्या सीड्यांनी एक अख्खं कपाट अडवलेलं, आणि धूळ पुसायला मी. दुरुस्तीवाला येऊन बघून म्हणाला, "मॅडम, याची लेन्स आता मिळणं मुश्किल. शोधतो, पण महिना जाईल. त्यापेक्षा छोटा बॉक्स लावा ना. स्पीकर हेच, गाणी मोबाईलवरनं. एकदम झकास."

"महिनाभर थांबू की," बाबा म्हणाले.

"कशाला थांबायचं?" म्हणत मी बॉक्स मागवला आणि जुना प्लेअर सुट्या भागांसाठी त्याच माणसाला देऊन टाकला. एक घाव दोन तुकडे, हा माझा स्वभाव.

आजारपणापासून बाबांचे कपडे मी काढून ठेवत होते, जेवण मी ठरवत होते, गोळ्याही मीच देत होते. संध्याकाळी कपाटासमोर उभं राहून आज कुठली सीडी, एवढं मात्र ते ठरवायचे. थरथरत्या हातानं एक काढायची, परत ठेवायची, दुसरी काढायची. पंधरा मिनिटं जायची आणि मी चिडायचे. दिवसातला तेवढाच निर्णय त्यांचा उरला होता, हे मला दिसलं नाही. दिसलं असतं तरी मी थांबले असते का, देव जाणे.

बॉक्स लागला. मोबाईलच्या पडद्यावर त्यांचं बोट ठरेना. एका गाण्याला हात लावावा तर भलतंच वाजायचं. शेवटी ऑफिसच्या कॉलवरून उठून मी यमन लावून दिला आणि आत जाऊन बसले. यमन संपल्यावर त्या ॲपनं आपल्या मनानं पुढचं काहीतरी लावलं. मला त्यातलं काय कळतंय? काम आटोपून बाहेर आले, तर बाबांनी हात जोडले आणि ते उठायला काठी शोधू लागले.

"अहो, आत्ता कुठे सात वाजलेत. दुसरं लावते."

"भैरवी झाली ना. त्यानंतर काही लावायचं नसतं गं."

भैरवी झाली की मैफल संपली, हे लहानपणापासून या घरात ऐकलेलं. "मशीनला काय कळतंय, बाबा!" म्हणत मी हसले. तेही हसले. दुसऱ्या दिवशी "काय लावू?" विचारलं तर म्हणाले, "तुझं काम होऊ दे." तिसऱ्या दिवशी मी विचारलंच नाही. असे दोन आठवडे गेले आणि घर इतकं गप्प झालं की मला खायला उठायचं.

मग घाटकोपरहून एक वापरलेला प्लेअर शोधून आणला, जोडून घेतला. कपाट उघडून बाबांना हाताला धरून समोर उभं केलं.

"काढा हवी ती. मी अजिबात घाई करणार नाही."

ते बराच वेळ बघत राहिले. मग खुर्चीकडे वळत म्हणाले, "तूच ठरव. मला आता काहीही चालतं."