कमोडची उंची

आईने पाणी पिणं कमी केलंय, हे मला फार उशिरा कळलं. तिच्या उशाशी तांब्या असायचा. सकाळी तो भरलेला दिसायचा. मला वाटायचं, बायको भरून ठेवते. बायकोला वाटायचं, मी भरतो. प्रत्यक्षात तो रिकामाच होत नव्हता. सोलापूरच्या ऐन मे महिन्यात आईला लघवीला जळजळ सुरू झाली. डॉक्टरांनी आम्हा मायलेकांना चांगलंच झापलं, तेव्हा परतताना ती रिक्षात म्हणाली, "पानी प्यालं की जावं लागतंय. खाली बसलं की गुडघं उटू देत न्हाईत. किती येळा हाका मारू तुला?"

माझीच मला लाज वाटली. आणि लाज वाटली की मी घाई करतो. दुसऱ्याच दिवशी, खाली बसायचं जुनं भांडं काढून कमोड बसवायचा म्हणून दुकान गाठलं.

तिथे कमोड ओळीने मांडलेले. दुकानदार म्हणाला, "बसून बघा की." पलीकडे दोन बायका फरशी निवडत होत्या. चारचौघांत कमोडवर बसायचं? मी आपलं झाकण उघडलं, मिटलं, जाणकारासारखी मान हलवली आणि सगळ्यांत उंच होता तो घेतला. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उंचच बरा, हे माझं मीच ठरवलं. आईला सोबत न्यावं हे डोक्यातही आलं नाही. चप्पल घेताना मात्र मी तिला नेतो.

गवंड्याने जुनं भांडं फोडलं, कमोड बसवला, कडेने पांढरं सिमेंट भरलं. "दोन दिस कुनी बसू नगा," म्हणाला. ते दोन दिवस आम्ही शेजारी जात होतो. आईने मात्र पाण्याला जवळजवळ हातच लावला नाही.

तिसऱ्या दिवशी ती आत गेली आणि लगेच बाहेर आली.

"पाय टेकत न्हाईत. लोंबकळत बसू व्हय?"

"सवय होईल की आई!" मी ओरडलोच. एवढी धावपळ करून वर हे ऐकायचं! ती जाऊन पडून राहिली. दुपारचा चहा नको म्हणाली. चहाला नको म्हणणारी माझी आई नव्हे. मी मनातून घाबरलो.

सकाळी गवंड्याला परत बोलावलं. त्याने झाकण मिटलं, आईला म्हणाला, "बसा आजी, लाजू नगा." आई पदर सावरून बसली. त्याने तिच्या टाचेखाली हात धरून पाहिला. चांगलं चार बोटं अंतर होतं.

"सायेब, माप घ्यायला मानूस आनायचं व्हतं की दुकानात."

त्याने कमोडपुढे पाय टेकायला विटांचा ठेंगणा, रुंद ओटा बांधला, वर शहाबादी फरशी बसवली आणि भिंतीला धरायला दांडी ठोकली. फ्लशच्या टाकीकडे आई आजही बघत नाही. नळाला चार दिवसांनी पाणी येतं, एवढं एकदम कसं सोडायचं, म्हणून ती बादलीतूनच ओतते.

ओटा वाळला त्या दिवशी दुपारी आतल्या खोलीतून तिचा आवाज आला, "तांब्या रिकामा झालाय. कुनी भरतंय का?"

बायको उठत होती. तिला बसवून मीच गेलो. संध्याकाळपर्यंत मी तो तांब्या तीनदा भरला.