नार्मलबाई

अड्याळात माझ्या मोठ्या वहिनींना सगळे ‘नार्मलबाई’ म्हणत. हे नाव मी पाडलं. थट्टेत पाडलं, असं पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. पण थट्टेपुरतं ते राहिलं नाही.

वहिनींचे हात मला अजून दिसतात. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत पऱ्ह्यांची, कोवळ्या रोपांची, जुडी डाव्या हातात, उजवा हात चिखलात. बाकीच्या बायका शेताच्या अर्ध्या बांधीत असतानाच वहिनी पलीकडच्या धुऱ्यावर, बांधावर, उभ्या राहून ओरडायच्या, “काहून वो, झोपल्या का तिथंच?” मी भंडाऱ्याला कॉलेजात होतो. शनिवारी एसटीनं घरी आलो की लाखोळीच्या डाळीचे गरम वडे पुढे यायचे. तसे वडे मी नंतर कुठंच खाल्ले नाहीत.

सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा त्यांची बोटं सकाळी मिटेनाशी झाली. चुलीवरच्या गरम पाण्यात हात बुडवून बसायच्या, चहाचा कप दोन्ही मनगटांत धरायच्या. बाजारात कासाराला नेहमीच्या मापाची बांगडी चढवता येईना. तो म्हणाला, “हात वाढला वहिनी तुमचा.” वहिनी म्हणाल्या, “हात नाही वाढला, काम वाढलं.”

दुपारपर्यंत बोटं जरा मोकळी व्हायची, म्हणून कोणाचा विश्वास बसेना. माय म्हणायची, “सकाळी दुखते अन् दुपारी नाही दुखत, असं कोणतं दुखणं वो?”

दादाच्या सांगण्यावरून मी त्यांना भंडाऱ्याला नेऊन रक्त तपासून आणलं. रिपोर्ट डॉक्टरांना दाखवायचा होता. मी दाखवला नाही. मला इंग्रजी येत होतं.

अंगणात उभा राहून मी सगळ्यांसमोर तो वाचला. “नार्मल! सगळं नार्मल. आळसाची टेस्ट अजून निघाली नाही, वहिनी.” सगळे हसले. वहिनीही हसल्या, जरा उशिरा.

माय म्हणाली, “कागदात काही नाही निघालं. उद्या रोवण्याले चाल.” त्या गेल्या. पुढच्या पावसाळ्यांतही गेल्या. एकदा परसात एकट्या असताना मला म्हणाल्या, “कागदात नाही म्हणता भाऊजी. मंग हे बोटं मी कोनाले दाखवू?” मी म्हणालो, “मनातून काढून टाका.”

पुढे मला नागपूरला नोकरी लागली. एका लग्नासाठी वहिनी आमच्याकडे आल्या, तेव्हा माझ्या मुलीच्या फ्रॉकचं बटण त्यांना लावता येईना. मान खाली घालून त्या बराच वेळ त्या बटणाशी झटत राहिल्या. दुसऱ्या दिवशी मी त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेलो.

डॉक्टरांनी कागद मागितला नाही. एकेक सांधा दाबून पाहिला, एक्स-रे काढायला लावला, आणि विचारलं, “सकाळी हात किती वेळ आखडलेले असतात?” वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. सांगू का, असं विचारल्यासारखं.

“हा आमवात आहे,” डॉक्टर म्हणाले. “काही जणांच्या रक्तात तो दिसतच नाही. आधी आणलं असतं तर बोटं इतकी वाकली नसती.”

“म्हणजे हाये ना मले काही?” वहिनींनी विचारलं. दुखणं निघालं म्हणून इतका आनंद झालेला माणूस मी पाहिला नव्हता. मला त्यांच्याकडे बघवेना.

गोळ्यांनी सूज उतरली, बोटं मात्र सरळ झाली नाहीत. वहिनी जाऊन आता बरीच वर्षं झाली. गावी गेलो की आपली कोणी वाट बघत नाही, हे एसटीतून उतरताना कळतं, आणि मी उगाच थोडा वेळ फाट्यावर थांबतो.

नागपूरच्या त्या तपासणीनंतर मीच त्यांना घरी पोचवायला निघालो होतो. भंडाऱ्याहून अड्याळवरून जाणाऱ्या पवनीच्या गाडीत बसलो, तर निम्मी गाडी गावचीच. पुढच्या सीटवरच्या बाईनं मागं वळून विचारलं, “काय म्हणते डॉक्टर, नार्मलबाई?”

वहिनी काही बोलायच्या आत मी उभा राहिलो. “वहिनी, तो रिपोर्ट मी डॉक्टरले दाखवलाच नव्हता. तुमचं दुखणं खरं होतं. चुकलो मी.”

“गाडीच्या आवाजात आयकू नाही आलं, भाऊजी.”

ऐकू आलं होतं. त्या हसत होत्या अन् डोळे भरले होते. मी दांडा घट्ट धरला आणि शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात पुन्हा म्हणालो, “चुकलो, वहिनी. मले माफ करा.”