गोंदाला परवानगी

आमच्या अंधेरीच्या प्रयोगशाळेत गुन्हेगारांचे ठसे शोधावे लागायचे. किस्से मात्र न शोधताच हाताला लागायचे. ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. केमिस्ट्रीत एम.एस्सी. करून मी तिथे नुकतीच लागले होते आणि जग बदलायला मला पहिल्या आठवड्यातच सुरुवात करायची होती!

आड आले दळवी साहेब. आमचे मुख्य, मूळचे मालवणचे, रिटायरमेंटला टेकलेले, हातात कायम ठशांवर पावडर मारायचा ब्रश. माझी त्यांच्याकडे एकच मागणी होती. झटपट चिकटणारा गोंद मिळतो ना, त्याच्या वाफेने प्लास्टिकवरचे लपलेले ठसे पांढरे होऊन वर येतात. ते मला करू द्या.

साहेबांचं उत्तरही एकच. "गोंद पाकिटाला लावायचा, पुराव्याला नाही!"

*

कागदावरचे ठसे आम्ही निनहायड्रिन नावाच्या रसायनाने काढायचो. घामाचा अंश असेल तिथे ते जांभळं होतं. कागदावर होतं तसंच कातडीवरही होतं, आणि कितीही घासा, जात नाही. बोरिवलीला आमच्या घरी मला बघायला मंडळी येणार, त्याच्या आदल्या दिवशीच माझे ग्लोव्ह फाटले!

पोह्यांची बशी पुढे केली, तर मुलाच्या आईचे डोळे माझ्या जांभळ्या बोटांवर. "मुलीला काही आहे का हो?"

आईने तोंड उघडायच्या आत मीच म्हटलं, "घाम आहे. तुमच्याही बोटांना आहे, फक्त दिसत नाही. दाखवू?"

मंडळी पोहे टाकून गेली.

दुसऱ्या दिवशी साहेब हळहळले. मी म्हटलं, "कसली हळहळ? वाचले मी!"

आमचा फोटोग्राफर कांबळे, माझ्याच वयाचा, लेन्स पुसत म्हणाला, "तू कुठली? तो वाचला!"

*

साहेबांची लाडकी पद्धत आयोडीनची. काचेच्या नळीत आयोडीनचे खडे, एका टोकाला साहेबांचं तोंड, दुसऱ्या टोकाला कागद. फुंकर मारली की तपकिरी ठसा उगवतो आणि बघता बघता उडून जातो. म्हणून फोटो लगेच काढावा लागतो.

एकदा साहेबांनी फुंकून फुंकून झकास ठसा उठवला आणि कांबळेचा रोल संपला. तो नवा रोल भरेपर्यंत साहेब फुंकतच राहिले. गाल फुगलेले, चेहरा लाल. तोंडात नळी, बोलता येईना, म्हणून हातानेच खुणा करायला लागले: काढ, काढ लवकर!

कांबळेने काढला. साहेबांचा!

तो फोटो पुढे कितीतरी दिवस ऑफिसच्या भिंतीवर होता. ठसा कुठे गेला, देव जाणे.

*

आमच्यातलं कुणीही ग्लास मधोमध धरत नाही. वरच्या काठाला दोन बोटं, बस. सवयच लागते. एकदा सगळे जुहूला हॉटेलात गेलो. पाण्याचे ग्लास आले आणि आम्ही ते झुरळ उचलल्यासारखे उचलले. वेटरने निमूटपणे ग्लास बदलले. आम्ही परत तसेच उचलले. त्याने परत बदलले. शेवटी बिचारा रडकुंडीला आला. "साब, ग्लास गंदा है क्या?"

"नाही रे बाबा," साहेब म्हणाले, "स्वच्छ आहे. तसाच राहू दे म्हणून तर असा धरलाय!"

*

मग ती काळी पिशवी आली. घाटकोपरच्या एका फ्लॅटमधून देवाची चांदी गेली होती. चोर जाताना एक प्लास्टिकची पिशवी टाकून गेला होता. घरच्यांनी बोट दाखवलं ते कामवाल्या शांताबाईंकडे. बाई गोवंडीच्या. "ती पिशवी मी बघितलीपण नाही," एवढंच म्हणत होत्या, आणि ते लॉकअपमधून. त्यांच्या दहाही बोटांचे ठसे पिशवीसोबत आमच्याकडे आले होते.

साहेबांनी ब्रश उचलला. मी पिशवीच्या पुढे उभी राहिले!

"पावडर मारलीत तर नंतर गोंदाची वाफ नीट बसणार नाही, साहेब."

"माका शिकवतंस? पिशवी एकच आहे. तुझ्या गोंदाने बिघडली तर त्या बाईचं काय?"

"आणि तुमच्या ब्रशला काहीच दिसलं नाही तर त्या बाईचं काय?"

साहेबांनी ब्रश खाली ठेवला. पण परवानगी दिली नाही. पिशवी कपाटात गेली, किल्ली साहेबांच्या खिशात.

मी गप्प बसणार होते थोडीच! कांबळेने मुलुंडहून घरची माशांची रिकामी काचपेटी आणली. आत बल्ब लावून त्यावर पत्र्याच्या झाकणात गोंद तापवला आणि एक चमचा टांगला. चमच्यावर माझा अंगठा असा उमटला, की कांबळेने शिट्टी वाजवली. साहेबांनी भिंग लावून बघितलं.

"चमच्याने चोरी केलेली नाही," म्हणाले आणि डबा खायला गेले.

पोलीस सोमवारी पिशवी परत न्यायला येणार होते. म्हणजे पावडर नाही, गोंद नाही, नुसतं 'ठसे आढळले नाहीत' असं लिहून द्यायचं, आणि शांताबाई आतच. शनिवारी मी साहेबांशी कडाकडा भांडले आणि तणतणत कांबळेबरोबर खाली चहाला गेले.

परत आलो तर साहेब काचपेटीपाशी उभे. ताठ. एक हात पेटीच्या झाकणावर, दुसऱ्या हातात भिंग, नाक काचेला. बल्ब पेटलेला. आत काळी पिशवी टांगलेली आणि तिच्यावर, रांगोळी काढावी तशा, पांढऱ्या रेषा!

"साहेब! तुम्ही...?"

"चक्र आहे," साहेब मान न वळवता म्हणाले. "दोन आहेत. त्या बाईच्या दहाही बोटांना शंख, चक्र एकही नाही. सकाळीच बघून ठेवलेत."

"झाकणावरचा हात काढा ना, मला बघू द्या."

"सुटत नाही गो!"

सांडलेल्या गोंदाने अंगठा झाकणाला चिकटला होता. किती वेळ तसे उभे होते, कोण जाणे! कांबळे गोंद सोडवायला ॲसिटोनची बाटली घेऊन धावला.

"ती ठेव बाजूला!" साहेब ओरडले. "आधी कॅमेरा आण!"