चौथा रकाना

ती चौकशी विसरता आली असती तर बरं झालं असतं. आठवली की आजही स्वतःचाच राग येतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी बोईसर-तारापूर पट्ट्यात पोलीस निरीक्षक होतो. वरून परिपत्रक आलं: कारखान्यांतल्या कर्मचाऱ्यांमध्ये संगणकाच्या सुरक्षिततेबाबत जनजागृती करावी. मी तोवर संगणकाला हातही लावला नव्हता. तरी एका रसायन कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये परिपत्रक वाचून दाखवलं, 'पासवर्ड कुणालाही सांगू नका' असं दोनदा बजावलं, चहा झाला, हजेरीचं रजिस्टर फिरलं आणि अहवाल रवाना केला. झाली जनजागृती!

पंधरवड्याने त्याच कारखान्याचा मॅनेजर खबर घेऊन आला. एक रंग बनवण्याची कृती त्यांच्या संगणकातून चोरीला जाऊन दुसऱ्या कारखान्यात पोहोचली होती. पासवर्ड फक्त ऑपरेटर मुलीला ठाऊक. ती जवळच्या मासवण गावची, घरातली पहिली पगारदार.

"तिनेच विकली," मॅनेजर म्हणाला. "उद्यापासून गेटच्या आत घेत नाही तिला."

महिला शिपायाला सोबत बसवून मी दुपारभर त्या मुलीला तेच तेच विचारलं. शेवटी ती रडायची थांबली आणि चिडली.

"कुणाला सांगितला नाय, साहेब. फक्त तुमच्या वहीत लिवला."

"कुठल्या वहीत?"

"सभेला फिरवली ती. तुमीच भरायला सांगितलीत ना?"

रजिस्टर मागवलं. नाव, खातं, सही, आणि चौथा रकाना पासवर्डचा. आमच्या हवालदाराने आखलेला. विचारलं तर म्हणाला, "साहेब, एवढी महत्त्वाची गोष्ट नोंदीशिवाय कशी सोडायची?" त्याला काय बोलणार, कपाळ! पानाच्या तळाशी माझी सही होती, न वाचता ठोकलेली.

मुलीच्या खालच्याच ओळीत स्टोअरकीपरची सही होती. त्याला बोलावून रजिस्टर पुढे सरकवलं. फार ताणावं लागलं नाही.

"साब, पुलिस के रजिस्टर में खुला लिखा था," तो म्हणाला. "मैंने बस पढ़ लिया."

हवालदाराने हळूच विचारलं, "हे रजिस्टर केसच्या कागदांत लावायलाच हवं का, साहेब?" मोह मलाही झाला, खोटं कशाला सांगू? पण ते दडवलं असतं तर मुलीवरचा डाग गेला नसता. लावलं. माझ्याकडून लेखी खुलासा मागवला गेला, बढती लांबली. मुलगी कामावर परत गेली.

लोकांना शहाणं करायला निघालेल्याने आधी आपलं टेबल बघावं, एवढं मी त्यातून शिकलो.

वर्षभराने पुन्हा तेच परिपत्रक, तेच कॅन्टीन. रजिस्टर फिरलं, या वेळी तीनच रकाने. ते हातात आलं तशी ती मुलगी उभी राहिली.

"सही करते, साहेब. पण ही वही तुमी ठेवणार कुठं?"

कुणीतरी हसलं. मला हसू आलं नाही. पोलीस ठाण्यातल्या रजिस्टरांच्या कपाटाला कुलूपच नव्हतं.