आबा जिवंत आहेत

या नोकरीत येण्याआधी मी लोणावळ्याच्या एका रिसॉर्टमध्ये पाहुण्यांच्या तक्रारी ऐकायचे. धुक्यानं दरी दिसेनाशी झाली की मी म्हणायचे, हेच तर खरं लोणावळा. खोलीत पाणी ठिबकलं की म्हणायचे, पावसाळ्याचा अनुभव. काहीही झालेलं नाही हे पटवून देण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. मग तालुक्याच्या आपत्ती व्यवस्थापनात जनसंपर्क आणि जनजागृतीची प्रमुख म्हणून लागले आणि काम बरोबर उलटं झालं. आता काहीही झालेलं नसताना ते होऊ शकतं हे लोकांना पटवायचं होतं. प्रमुख म्हणजे दिमतीला एक जीप, तिच्यावरचा भोंगा आणि तिचे ड्रायव्हर, ज्यांना सगळे भाऊ म्हणायचे.

पहिली रंगीत तालीम मे महिन्यात ठरली. टाकवे बुद्रुकच्या पुढं, डोंगराच्या पोटाला चिकटून असलेलं एक गाव आम्ही निवडलं. बेत साधा होता. भोंगा वाजला की खालच्या आळीनं घरं सोडून शाळेत जमायचं आणि दरडीखाली सापडलेल्या एका जखमीला स्ट्रेचरवरून रुग्णवाहिकेपर्यंत न्यायचं.

अडलं ते जखमीपाशी. ग्रामसभेत मी विचारलं तर सगळे पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागले. एक तरणाबांड गडी म्हणाला, "मॅडम, माझं लगीन ठरायचंय. स्ट्रेचरवरचा फोटो फिरला तर पोरगी कोन देईल?"

तेवढ्यात मागून आवाज आला, "म्या व्हतो जखमी."

ते आबा. सत्तरीपुढचे, काटक, डोक्याला टॉवेल गुंडाळलेले. सरपंचताईंनी माझ्या कानात सांगितलं की जत्रेतल्या नाटकात आबांनी उभी हयात भालदार केला. भाला धरून उभं राहायचं, तोंडातून अक्षर काढायचं नाही.

आबांनी तिथंच चौकशी सुरू केली. "बोलायचं काय?"

"‘वाचवा’ म्हणायचं, आबा."

"आन् म्होरं?"

"पुढं काही नाही. लोक येतील, उचलून नेतील."

आबांचा चेहरा पडला. "येवढंच? जरा वाडवून घेतलं तर चालंल का?"

मी हो म्हटलं.

आबांचा धाकटा भाऊ एका भिंतीपलीकडे राहायचा. शेताच्या बांधावरून दोघांचं बोलणं बंद होतं. थोरला जखमी होणार असेल तर आपण बघायला येणार नाही, असं त्यानं सरपंचताईंना आधीच कळवलं होतं.

तालमीच्या दिवशी दुपारी भोंगा वाजला. आळीतून कुणीही बाहेर आलं नाही. शेजारच्या शेतात खुरपत असलेल्या बायका मात्र उठल्या, झाडाखाली गेल्या आणि भाकऱ्यांची फडकी सोडून जेवायला बसल्या. भाऊ म्हणाले, "मॅडम, आपला भोंगा न् पलीकडच्या कंपनीचा जेवणाच्या सुट्टीचा भोंगा सेम वाजतोय."

मी माइक हातात घेतला आणि तयार करून आणलेला मजकूर वाचला, "नागरिकांनी घाबरून न जाता तातडीने सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे." एका ओसरीवरून आजीबाई उतरल्या, जीपपाशी आल्या आणि भाऊंना विचारू लागल्या, "काय इकाया आणलंय?"

शेवटी सरपंचताई स्वतः आळीतून पळत सुटल्या. "चला गं! शाळेत जेवन हाय!" हे खरंच होतं, आम्ही डाळ-भात ठेवलेला होता. पाहता पाहता आळी रिकामी झाली.

इकडे डोंगराच्या कडेला आबांनी सुरुवात केली होती. "वाचवा" फक्त एकदाच म्हणाले. मग त्यांनी आईला हाक मारली, मेलेल्या बैलाला हाक मारली, बायकोला सांगितलं की माझ्यामागं रडू नको. आबांच्या बायकोला मी मावशी म्हणायचे. मावशी बाजूला उभ्या राहून म्हणाल्या, "घरात कदी येवढं बोलत न्हाई."

रुग्णवाहिकेची माणसं आली तेव्हा आबांनी आणखी एक सुधारणा केली. ते बेशुद्ध पडले. स्ट्रेचर बुद्धविहाराच्या अंगणात आणलं, कारण रुग्णवाहिका वळायला गावात तेवढीच जागा होती. ऊन मी म्हणत होतं. नवऱ्याच्या डोळ्यांवर तिरीप येतेय म्हणून मावशींनी त्यांच्या तोंडावर टॉवेल टाकला. त्या टॉवेलाखाली गळ्यातली ‘सराव : जखमी’ अशी पाटीही झाकली गेली. आणि नेमका तेव्हाच कुणीतरी फोटो काढला.

गावाच्या ग्रुपवर हा सराव असल्याचं मी सकाळपासून ठळक अक्षरांत टाकत होते. पण शब्द ग्रुपवरच राहिले, फोटो एकटा पुढं गेला. तो आबांच्या घोरावाडीच्या भाच्याकडे गेला, बेगडेवाडीच्या साडूकडे गेला, आणि तळेगावात नोकरीला असलेल्या एका जावयाकडे गेला. हा जावई आबांच्या धाकट्या भावाचा. त्यानं सासऱ्याला फोन लावला. अशा रीतीनं भिंतीपलीकडच्या भावाचं काय झालं हे धाकट्याला तळेगावाहून कळलं.

तो अनवाणी धावत आला. मी त्याला अडवून काही सांगायच्या आत त्यानं स्ट्रेचरवर अंग टाकलं. "दादा! आरं दादा! बांध घे तुला! समदा घे! पर ऊठ रं!"

मी खाली वाकून हळूच म्हटलं, "आबा, आता उठा. पुरे झालं."

टॉवेलाखालून बारीक आवाज आला, "समदा म्हनला का त्यो?"

धाकट्यानं टॉवेल ओढला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्याच्या गालांवर अजून पाणी होतं, पण डोळे बदलले. त्यानं आबांच्या ‘मोडलेल्या’ पायाला आधार म्हणून बांधलेली काठी उपसली. पाय मोडलेले, बेशुद्ध आबा त्या वयात असे पळाले की रुग्णवाहिकेतले डॉक्टर बघतच राहिले. विहाराला दोन वेढे घातल्यावर दोघंही दमून पायरीवर बसले आणि बसल्या बसल्या बांधावरून कडाकडा भांडले. मावशी मला म्हणाल्या, "भांडू द्या. लय वर्सांनी बोलत्यात."

माझी खरी आपत्ती मात्र आत्ता सुरू झाली होती. वेशीवर रिक्षा, मोटारसायकली, एक टेम्पो असे पाहुणे उतरायला लागले. बायका उतरता उतरताच हंबरडा फोडत होत्या. मी जीपच्या टपावर चढले. या वेळी माझ्याकडे मजकूर लिहिलेला नव्हता. मी नुसती ओरडत राहिले, "आबा जिवंत आहेत! आबा बरे आहेत! रडू नका!"

"तुमी कोन?" टेम्पोतल्या साडूंनी विचारलं.

"मी आपत्ती व्यवस्थापनातून."

"मंजी आपत्ती झालीच की!" आणि पुन्हा गलका उसळला.

शेवटी जीपवाल्या भाऊंनी आबांना आणून माझ्या शेजारी टपावर चढवलं. आबांनी हात जोडले. एवढी गर्दी त्यांना जन्मात मिळाली नव्हती. ते थोडं बोलले. मग आणखी थोडं बोलले. घोरावाडीचा भाचा हातातल्या हारांकडे बघत म्हणाला, "ह्येंचं काय करायचं आता?"

सरपंचताईंनी ते हार निमूटपणे काढून घेतले. कशाला, ते मला तासाभरात कळलं. जिल्ह्याहून आमचे साहेब तालीम बघायला आले. ताईंनी एकामागून एक हार त्यांच्या गळ्यात घातले. साहेब पार भारावले. शाळेत जेवायला बसलेली गर्दी बघून ते मला म्हणाले, "मॅडम, एवढा सहभाग! आजूबाजूच्या गावांतूनही लोक आलेत!"

"हो सर," मी म्हणाले. "स्वतःहून आलेत."

त्याच पावसाळ्यात एकदा झड लागली आणि डोंगराच्या उतारावर भेगा दिसल्या. खालची आळी हलवायची ठरली. मी जीप घेऊन गेले, पण ‘स्थलांतर’ हा शब्द ऑफिसात ठेवून गेले. "डोंगर भेगाळलाय, उठा, शाळेत चला," एवढंच बोलले. लोक निघाले. कुरकुरले, पण निघाले. धाकट्यानं तेवढं दार लावून घेतलं. आतून म्हणाला, "एकडाव फसलो. आता न्हाई."

आबा पावसात त्याच्या दारात उभे राहिले. "आरं, या टायमाला म्या मेलो न्हाई, म्हून सांगाया आलोय. चल."

मग कडी निघाली आणि आधी म्हैस बाहेर आली, मागून तो.

दरड आली नाही. थोडा चिखल रस्त्यावर उतरला, तेवढंच. पाऊस ओसरल्यावर लोक घरी परतायला लागले तेव्हा मावशी माझ्याकडे आल्या. दोन्ही बगलांत त्यांच्या कोंबड्या होत्या.

"काईच आलं न्हाई की, बाई."

रिसॉर्टमध्ये असते तर असल्या तक्रारीला तयार उत्तर होतं. इथं मी नुसतं म्हटलं, "नाही आलं ते बरंच झालं ना, मावशी?"

"व्हय, बरं झालं. पर कोंबड्यांनी अंडी द्यायचं थांबवलं ना."

"पुढच्या वेळी बोलावलं तर याल का?"

मावशींनी बगलेतली कोंबडी सावरली, डोंगराकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "येऊ की. पर शाळंतल्या वरनात मीट कमी हुतं. त्येवढं बगा."