सई नको म्हणाली होती

मंडळी, आत्ताच हॉस्पिटलमधून घरी आले. लगेच लिहायला बसलेय.

आज दुपारी मिल्टन कीन्सला आपल्या मंडळाची लेझीमची प्रॅक्टिस होती. माझ्या मैत्रिणीची, वैशालीची सई नुकतीच ड्रायव्हिंग टेस्ट पास झालीय. सतरा वर्षांची पोर. वैशाली कामावर होती. आम्ही बाकीच्या आया आवराआवर करत होतो. मी म्हटलं, सई सोडेल चौघा मुलांना घरी.

सई हळूच म्हणाली, "काकू, एवढे सगळे नको ना. मागे नॉइज झाला की मी पॅनिक होते."

"अगं, आपलीच तर मुलं! नाही काय म्हणतेस?" मी म्हटलं.

तिने गुपचूप चावी उचलली.

राउंडअबाउटवर गाडी उलटली. माझ्या ओमचं आणि बाकीच्यांचं खरचटण्यावर निभावलं. सई अजून शुद्धीवर नाही.

काही देशांत नव्या ड्रायव्हरला सुरुवातीला गाडीभर मित्र नेता येत नाहीत. इथे इंग्लंडमध्ये लायसन्स मिळालं की सगळी मोकळीक! तसा कायदा असता, तर त्या पोरीच्या वतीने कायद्यानेच मला नाही म्हटलं असतं.

वैशालीला मी सगळं सांगितलं. माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "मोठ्यांना नाही म्हणायचं नसतं, हे मीच शिकवलंय गं तिला."

तुम्ही काय शिकवलंय तुमच्या मुलांना?